बॅटरी काढली की काउंटर शून्य: ॲस्कॉन बसवतानाचा माझा अनुभव

ॲस्कॉन म्हणजे छोट्या चिपांसाठीचं एन्क्रिप्शन. त्याचा कोड एका संध्याकाळी चालू झाला. चार बाइटचा एक चढता आकडा सांभाळायला मात्र तीन आठवडे लागले, आणि तो राग अजून उतरलेला नाही. ॲस्कॉनबद्दल वाचाल तिथे वेग आणि मेमरीचे तक्ते भरपूर मिळतात. त्या आकड्याचं काय करायचं, हे एका ओळीत उरकलेलं असतं: ‘नॉन्स पुन्हा वापरू नका’ (नॉन्स म्हणजे दर संदेशाला नवा असायला हवा तो आकडा). बरं, पण कसं?

आधी मांडणी सांगतो. द्राक्षबागेत ओलाव्याचे सेन्सर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह. प्रत्येक नोडमध्ये (म्हणजे बागेतल्या एकेका उपकरणात) सुटी एटीमेगा३२८पी चिप, ८ मेगाहर्ट्झवर, सोबत एसएक्स१२७६ लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल आणि छोट्या सोलर पॅनेलवर चालणारा एक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल. लोरा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. दर १५ मिनिटांनी एक पॅकेट, त्यात ८ बाइट माहिती. ओलाव्याचे आकडे कोण चोरणार, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच रेडिओवरून व्हॉल्व्ह उघडतो, आणि कालचा ‘उघड’ हा संदेश रेकॉर्ड करून आज रात्री कुणी परत सोडला तर सकाळी बागेत तळं.

या चिपमध्ये २ केबी रॅम आहे आणि एईएसचं (नेहमीच्या एन्क्रिप्शनचं) हार्डवेअर नाही. म्हणून ॲस्कॉन. त्याची पूर्ण अवस्था ३२० बिट, म्हणजे ४० बाइटांत मावते. किल्ली, नॉन्स आणि टॅग (संदेश अस्सल आहे हे पडताळणारा शिक्का) प्रत्येकी १६ बाइट. तुमच्या चिपमध्ये एईएस हार्डवेअर असेल (ईएसपी३२, एसटीएम३२डब्ल्यूएल) तर उगीच हौस करू नका, तेच वापरा.

आता तो आकडा. नॉन्स म्हणजे नोड क्रमांक, चार बाइटचा काउंटर आणि उरलेली शून्यं. नोड क्रमांक त्यात हवाच. नाहीतर सगळ्या नोडना एकच किल्ली असेल आणि दोघांचा काउंटर ५ वर आला, तर नॉन्स एकच. (किल्लीही प्रत्येक नोडला वेगळीच द्या.) तोच नॉन्स त्याच किल्लीसोबत दोनदा आला की काय होतं? ॲस्कॉन एका वेळी १६ बाइट घेतं. आपली माहिती ८ बाइटची, म्हणजे सगळी पहिल्याच ठोकळ्यात. दोन्ही सायफर (एन्क्रिप्ट झालेले संदेश) एक्सॉर केले, म्हणजे बिटागणिक ताडून पाहिले, की मूळ दोन्ही संदेशांचा एक्सॉर हातात येतो. एक संदेश माहीत असेल तर दुसरा फुकट.

पहिला प्रयत्न: काउंटर रॅममध्ये. सेल बदलला, काउंटर शून्य. रिसीव्हर शेवटचा काउंटर लक्षात ठेवतो आणि त्याहून मोठा असेल तरच पॅकेट घेतो, त्यामुळे नोड मुका झाला. इथे मोह होतो की रिसीव्हरवरचा आकडाही शून्य करावा. किल्ली तीच ठेवून असं केलंत, तर आजवर रेकॉर्ड झालेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा चालू लागतं.

दुसरा प्रयत्न: दर पॅकेटला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायचं. दिवसाला ९६ वेळा. ईईप्रॉमची हमी एक लाख लेखनांची, म्हणजे तीन वर्षांच्या आत ती जागा संपली. म्हणून ६४ आकडे आगाऊ राखायचे: ईईप्रॉममध्ये ‘६४’ लिहायचं आणि ० ते ६३ रॅममधून वापरायचे, ते संपले की ‘१२८’. नोड रीसेट झाला तर लिहिलेल्या आकड्यापासून सुरुवात. मधले वाया गेले तर जाऊ देत, चार बाइटांत जागा भरपूर आहे. आता १६ तासांत एक लेखन.

इथे मी स्वतःवर खूश होतो. मग एका नोडची ईईप्रॉम आठवडाभरात गेली. कारण असं: सेल अशक्त, पहाटेची वेळ. चिप उठते, ६४ आकडे राखते, लोरा २० डीबीएमवर १२० मिलिअँप ओढतो, व्होल्टेज कोसळतं, रीसेट. पुन्हा उठते, पुन्हा लिहिते. दोन सेकंदांना एक रीसेट धरला तर एक लाख लेखनं ५५ तासांत खलास. उपाय तीन, आणि तिन्ही हवेत. उठल्यावर लगेच लिहायचं नाही, पहिलं पॅकेट पाठवायच्या क्षणीच राखायचं. त्याआधी आतल्या १.१ व्होल्ट संदर्भावरून सेलचं व्होल्टेज मोजायचं (तो संदर्भ १.० ते १.२ मध्ये कुठेही असतो, प्रत्येक चिप मोजून घ्या) आणि ३.० च्या खाली असेल तर गप्प झोपायचं. रीसेटचं कारण ब्राउन-आउट (व्होल्टेज कमी पडल्यावर चिप थांबवणारी सोय) दिसलं तर वॉचडॉग टायमरच्या ८ सेकंदांच्या ७५ डुलक्या, म्हणजे दहा मिनिटं. सुट्या चिपमध्ये ब्राउन-आउट बंदच असतो. एक्स्टेंडेड फ्यूज (चिपच्या सेटिंगचा एक बाइट) एफडी केला की २.७ व्होल्टवर चालू होतो. झोपताना तो कोडमधून बंद करा, नाहीतर तोच सेल खातो. आणि काउंटरच्या दोन प्रती, आलटून पालटून, सीआरसीसह (प्रत बिघडली का हे सांगणारा तपासणी-आकडा). लिहिता लिहिता वीज गेली तरी एक शाबूत राहते.

एवढं करूनही फर्मवेअर बदललं की काउंटर गायब. फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) भरण्याआधी प्रोग्रॅमर चिप पुसतो आणि त्यात ईईप्रॉमही पुसली जाते. सगळीकडे एफएफ (सगळे बिट १), त्यात ६४ मिळवले की आकडा उलटून ६३. किल्ली मात्र फर्मवेअरमध्ये, जुनीच. म्हणजे नॉन्सची उजळणी. ‘ईईसेव्ह’ फ्यूज लावा, असा सल्ला मिळतो: हाय फ्यूज डी९ चा डी१ करा, ईईप्रॉम टिकते. मीही केलं. त्यातला घोळ नंतर लक्षात आला. किल्ली वाचता येऊ नये म्हणून लॉक बिट लावतो, आणि चिप पुसली की ते निघतात. ईईसेव्ह असताना ईईप्रॉम तशीच राहते. म्हणजे किल्ली तिथे हलवली असती, तर चोराने चिप पुसायची आणि किल्ली वाचून घ्यायची! शेवटी डी९ वर परत आलो आणि किल्ली व काउंटर दोन्ही ईईप्रॉममध्ये शेजारी ठेवले. पुसलं तर दोन्ही जातात, नवीन किल्लीसोबत शून्यापासून सुरुवात, त्यात काहीच धोका नाही. ईईप्रॉममध्ये सगळं एफएफ दिसलं तर नोडने पाठवायला सरळ नकार द्यायचा.

रेडिओवर पूर्ण नॉन्स पाठवू नका. एसएफ१० (लोराचा वेग ठरवणारं सेटिंग), १२५ किलोहर्ट्झवर ४० बाइटचं पॅकेट सुमारे ५३५ मिलिसेकंद घेतं. फक्त क्रमांक आणि काउंटर पाठवले तर २९ बाइट, ४१२ मिलिसेकंद. सेल वाचतो तो इथेच, सायफर बदलून नाही.

रिसीव्हरवर टॅग जुळल्यानंतरच काउंटर पुढे न्या. आधी नेलात तर कुणीही खोटा मोठा आकडा पाठवून नोड कायमचा बाद करू शकतो.

टॅग कधीच जुळत नसेल तर दोन्हीकडच्या आवृत्त्या पाहा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ॲस्कॉन २०२३ मध्ये निवडलं, पण २०२५ च्या अंतिम मानकात बाइटचा क्रम उलटा झाला आणि सुरुवातीचा स्थिरांकही बदलला. पॅडिंगला (ठोकळा भरण्यासाठी जोडलेल्या बाइटला) हेक्स ८० दिसलं तर कोड जुना, ०१ दिसलं तर नवा.

भरताना फ्लॅश आधी, ईईप्रॉम नंतर, लॉक बिट सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलंत तर नुकतीच लिहिलेली किल्ली पुसली जाते, आणि नोड का बोलत नाही ते शोधत अँटेना तपासत बसाल.