तीन सेकंदांसाठी दोन दिवस

आमच्या ऑफिसचे इंटरनेट कॉल जोडणाऱ्या कमायलिओ सर्व्हरवर प्रत्येकाचे दोन पत्ते नोंदलेले: टेबलावरचा फोन आणि मोबाइलमधलं ॲप. आधी फोन, नाहीच लागला तर ॲप. पण कोणी फोनची वायर उपटून ठेवली की कॉल करणाऱ्याला अर्धा मिनिट नुसता शुकशुकाट ऐकू यायचा. लोक वैतागून कॉल कापायचे आणि तक्रार माझ्याकडे.

कारण लगेच कळलं. वायर उपटलेला फोन जाताना सांगून जात नाही. नोंदणी ३६०० सेकंदांची, म्हणजे सर्व्हर त्याला तासभर जिवंतच धरणार. इन्व्हाइट, म्हणजे कॉल आल्याचा निरोप, पाठवायचं, उत्तर नाही म्हणून अर्ध्या सेकंदाने पुन्हा, मग एक, दोन, चार सेकंद थांबून... एसआयपीच्या, म्हणजे असे कॉल जोडण्याच्या पद्धतीच्या, नियमाने ही वाट ३२ सेकंदांची, कमायलिओच्या टायमरने ३०.

मग टी_सेट_एफआर या वाट बघण्याची मुदत ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये ३००० मिलिसेकंद टाकून मी मोकळा झालो. आणि अडकलो! बंद फोनवरचा शुकशुकाट तसाच, वर चालू फोनही तिसऱ्या सेकंदाला गप्प. माणूस रिसिव्हरकडे हात नेतोय तोवर कॉल ॲपवर. लॉगमध्ये दोन्हीकडे ४०८च, म्हणजे 'वेळ संपली', त्यामुळे दोन दिवस मी नेटवर्कवाल्यांना छळलं. शेवटी एसआयपीचे येणारे-जाणारे निरोप दाखवणारं एसएनग्रेप उघडून बघितलं: चालू फोनकडून १८०, म्हणजे 'घंटी वाजतेय', येत होतं आणि तरी तीन सेकंदांनी आमचाच सर्व्हर कॉल रद्द करणारं कॅन्सल पाठवत होता. त्या फंक्शनला एकच आकडा दिला तर तो घंटी वाजू लागल्यानंतरचा टायमर बदलतो. काहीच उत्तर न येण्याचा टायमर दुसऱ्या जागी. पहिला ०, दुसरा ३०००. बस्स! तीन सेकंदांत इन्व्हाइट तीनदा जातं. ऑफिसातल्या फोनला तेवढं पुरतं, मोबाइलला मात्र मी जास्त देतो.

उत्तर आलं नाही की पत्ता तिथेच पुसून टाकायचा मोह मलाही झाला होता. तसं करू नका. वायफाय क्षणभर अडखळलं तरी तो फोन पुढच्या नोंदणीपर्यंत गायब होतो. त्यापेक्षा ऑप्शन्सचं पिंग लावा, म्हणजे फोन जिवंत आहे का हे सर्व्हर अधूनमधून विचारत राहील. आणि हो, पिंगला ४०४ ('सापडलं नाही') आलं तरी फोन जिवंतच समजायचा, कारण उत्तर तर त्यानेच दिलं. मी आधी फक्त २०० ('ठीक') मोजत होतो आणि धडधाकट फोन मेलेले ठरवत होतो.

नोंदणीही आता ३०० सेकंदांवर आणली आहे. नेटवर्कवाल्यांना चहा अजून देणं आहे.