द्राक्षकाढणीच्या दिवसांत नाशिकच्या छोट्या वायनरी

नाशिकला वाइनच्या निमित्ताने जायचे असेल, तर फेब्रुवारीत जावे आणि शक्यतो छोट्या वायनरींकडे जावे, असे माझे मत आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर देखणा दिसतो आणि डिसेंबरातली थंडी सुखद असते, हे खरे. पण त्या दिवसांत वायनरी म्हणजे निवांत बसून पिण्याची एक छान जागा, एवढेच तिचे स्वरूप उरते. जानेवारीपासून मार्चपर्यंत मात्र तिथे द्राक्षांचे क्रेट येत असतात, टाक्यांमध्ये रस आंबत असतो आणि काम करणारी माणसे समोर वावरत असतात. म्हणून यंदा आम्ही काही मित्रमैत्रिणींनी फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार ठरवला. मोठ्या, प्रसिद्ध वायनरींमधली सुट्टीच्या दिवसाची गर्दी टाळायची, असेही आमचे ठरले होते.

कसारा घाट चढून गेल्यावर पहिला थांबा इगतपुरी तालुक्यातल्या कावनईच्या शिवारात होता. कावनई हे नाव बहुतेकांना कपिलधारा तीर्थामुळे आणि किल्ल्यामुळे ठाऊक असते. व्हॅलोने व्हिनयार्ड्स ही छोटी वायनरी याच भागात आहे आणि तिथून मुकणे धरणाचे पाणी दिसते. तिथली मालबेक आम्ही मुद्दाम मागून घेतली. ही द्राक्षजात मुळची फ्रान्समधली, पण तिचा बोलबाला झाला तो अर्जेंटिनात. सह्याद्रीच्या पायथ्याशी तिची वाइन कशी होते, याची आम्हाला उत्सुकता होती. गडद रंग, पिकलेल्या जांभळासारखा वास आणि घोटानंतर जिभेवर राहणारा बेताचा तुरटपणा, अशी ती निघाली.

द्राक्षबागेतून चालताना मात्र वाइनपेक्षाही अधिक उलगडा होतो. खाण्याच्या द्राक्षांची आपल्या ओळखीची बाग बहुधा मांडवावर चढवलेली असते आणि घड डोक्यावर लोंबत असतात. वाइनच्या द्राक्षांच्या वेली तारांच्या उभ्या आधारावर, कुंपणासारख्या ओळींत वाढवलेल्या असतात आणि घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला येतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. तोंडात टाकल्यावर थॉम्पसन किंवा सोनाका खाण्याची सवय असलेला माणूस आधी बिचकतो, पण मग त्याला जाणवते की हा मणी बाजारातल्या द्राक्षापेक्षा जास्त गोड आहे. खाण्याची द्राक्षे साधारण सोळा ते अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) काढतात, तर वाइनची बहुधा बावीस ते चोवीसला. या साखरेचेच पुढे अल्कोहोल होते, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा बहुतांशी त्या जाड सालीतून येतो.

युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि हिवाळ्यात वेल निद्रिस्त होतो. आपल्याकडे तशी कडक थंडी नसल्यामुळे वेल स्वतःहून थांबत नाही. त्याला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी केली की काड्या तयार होतात, आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी केली की घड येतात. म्हणजे छाटण्या दोन, पीक एकच. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला, तर केवडा आणि भुरी या रोगांपायी फवारणीचा खर्च वाढतो. बाटलीच्या किमतीबद्दल कुरकुर करणाऱ्या आमच्यातल्या एका मित्राने हे ऐकल्यावर विषय बदलला.

दिंडोरी तालुक्यातल्या एका अगदी छोट्या वायनरीत आम्हाला टाकीतली कच्ची वाइन चाखायला मिळाली, आणि सबंध सहलीतला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटला. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षजातीचा रस अजून आंबत होता. रंग गढूळ, आत वायूचे बुडबुडे, आणि वासात पेरूबरोबर यीस्टचा, पावाच्या पिठासारखा दर्प. लगेच मागच्या हंगामातली तीच वाइन बाटलीतून ओतली, तर ती नितळ होती आणि वासात हिरव्या ढोबळी मिरचीची स्पष्ट छटा होती. या छटेमागची संयुगे ढोबळी मिरचीतही असतात आणि घडांवर ऊन जास्त पडले की ती कमी होतात. त्यामुळे घडांभोवतीची पाने किती काढायची, हा निर्णय थेट पेल्यापर्यंत पोहोचतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात आणि थंड टाकीत संथपणे आंबवतात. लाल वाइनमध्ये साली रसाबरोबरच राहतात. वायूमुळे त्या वर येऊन जाड थर करतात, आणि तो थर दिवसातून अनेकदा दांड्याने खाली ढकलावा लागतो. आमच्यातल्या दोघांनी हौसेने तो दांडा हातात घेतला आणि पाचेक मिनिटांत परत केला. शेजारच्या टाकीतल्या शिराझ या लाल वाइनच्या जातीत काळ्या मिरीचा वास येत होता. तो केवळ भास नसतो. मिरीला तिचा वास देणारे रोटंडोन हे संयुग शिराझच्या सालीतही असते.

रविवारी निफाडकडे गेलो. निफाड म्हणजे हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत हमखास येणारे नाव. तिथल्या कुंदेवाडीच्या रेव्हेलो वायनरीने ग्रिलो आणि नेरो दाव्होला या सिसिलीतल्या जाती लावल्या, हे मला फार शहाणपणाचे वाटते. उष्णतेत द्राक्षांची साखर भराभर वाढते आणि आम्लता घसरते. अशा वेळी थंड प्रदेशातल्या नामांकित जातींच्या मागे धावण्यापेक्षा उन्हात वाढलेल्या जाती निवडणे अधिक सयुक्तिक आहे. रात्रीचा गारवा आम्लता टिकवायला मदत करतो, म्हणूनच काढणीही शक्यतो पहाटे उरकतात. ग्रिलोची पांढरी वाइन आमच्यापैकी बहुतेकांना आवडली. फ्रेंच नावांपलीकडे काही न पिणाऱ्या मैत्रिणीने मात्र तिला साधी ठरवले, आणि त्यावरून परतीच्या प्रवासात बराच वाद झाला.

या छोट्या वायनरींपैकी बऱ्याच राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उभ्या राहिल्या. विंचूरचे वाइन पार्कही त्याच काळातले. २००८ नंतरच्या मंदीत मागणी कोसळली, अनेक वायनरी बंद पडल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. ज्या टिकल्या, त्यांना पर्यटकांनी थेट येऊन घेतलेल्या बाटल्यांचा मोठा आधार आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे. गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये, हे सांगायला नको. आम्ही स्थानिक चालकासह गाडी ठरवली होती. चाखलेली वाइन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात संकोच करू नये, नाहीतर दुसऱ्या वायनरीनंतर सगळ्याच वाइन उत्तम लागू लागतात. नाशिकची मिसळ सकाळी खाण्याचा मोह अनावर असतो, पण तर्रीने पोळलेल्या जिभेला लाल वाइन नुसती तुरट आणि जहाल लागते. मिसळ परतीच्या दिवशी, चाखणे संपल्यावर खावी. घेताना बाटलीवरचे हंगामाचे वर्ष पाहावे. शेनिन ब्लांकसारख्या हलक्या पांढऱ्या वाइन ताज्याच चांगल्या लागतात, तेव्हा त्या जपून न ठेवता वर्षभरात संपवाव्यात. मार्चच्या तोंडावर मुंबईला परतताना बाटल्या गाडीच्या डिकीत तापू देऊ नयेत. थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या पिशव्या सोबत नेल्या की काम भागते.