चाळीस मुगांचा ताळेबंद

आमच्या देवघराला खिडकी नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं जुनं घर, मधल्या खोलीत कोनाडा, तिथेच नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर राऊकडच्या शेतातली काळी माती, त्यात गहू आणि जव, मध्ये पाझरणारा मातीचा घट. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत वीतभर धन उभं राहतं, पिवळं धमक. सासूबाई असताना त्या पिवळेपणाचं कोण कौतुक व्हायचं! धन पिवळं म्हणजे वर्ष सोन्याचं. मीही तेच ऐकून, तेच पुढे सांगत आले.

गेल्या नवरात्रात शेजारच्या दोघी बहिणी आरतीला आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत वरच्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा. त्याने प्रसादाचा पेढा तोंडात असतानाच विचारलं, "आंटी, हमारे जवारे तो हरे हैं, आपके पीले क्यों?" त्यांचे जवारे गॅलरीत ठेवलेले. मी तोंड उघडलं, सोन्याचं वर्ष वगैरे सांगणार होते, पण ते त्याच्या आईसमोर बरं दिसलं नसतं. मग म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब, बघू.

दसऱ्याला घट हलवल्यावर सगळ्यांनी टोपीत, केसांत धन खोवलं, आणि उरलेली पत्रावळ मी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं वर गेली तर शेंडे हिरवे! धाकटी बहीण म्हणाली, "काकू, यांना रंग लागला." लागला नव्हता, तयार झाला होता. गव्हाच्या पानाला हरितद्रव्य बनवायची शेवटची पायरी उजेडाशिवाय चढता येत नाही, एवढंच. बाकी सगळी तयारी अंधारात होऊन बसलेली असते, म्हणून ऊन मिळाल्याबरोबर पान इतकं झटपट हिरवं होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी विज्ञानाची नाही. बी.कॉम. केलं आणि चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी रात्री आठला कॅश जुळत नाही म्हणून रडण्यात. त्यामुळे मला झाडाबद्दल जो प्रश्न पडला तो बँकवाल्याचाच होता. पेरला एक दाणा, उभं राहिलं एवढं रोप. जादा माल आला कुठून? कोणाच्या खात्यातून नावे पडला?

मुलांना विचारलं. तिघांनीही एका सुरात सांगितलं, मातीतून. मीही शाळेत हेच लिहून मार्क मिळवले होते.

मग आम्ही मूग पेरले. कापसावरचे मूग प्रत्येक शाळेत होतात आणि प्रत्येक घरात कुजतात, कारण मुलं प्रेमाने पाणी ओतत राहतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, पाण्यात बुडालेल्या बीला हवा कुठून मिळणार? आमचेही पहिले मूग असेच वास मारू लागले. दुसऱ्यांदा धुतलेली बारीक वाळू घेतली, म्हणजे मातीवर आळ घ्यायला जागाच नको. दोन परातींत पन्नास-पन्नास दाणे, नळाचं तेच नर्मदेचं पाणी, तेवढ्याच वाट्या. एक परात गच्चीवर, दुसरी गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली. (साड्यांना आठवडाभर ओलसर वास येत होता. घरातल्यांनी त्यावर बरंच काही ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.)

आठव्या दिवशी कपाट उघडलं आणि माझा सगळा बेत फसला. अंधारातले मूग उजेडातल्यांच्या दुप्पट उंच! पांढरेफटक, मान वाकवून उभे, पानं फिकट पिवळी आणि मिटलेली. वरच्या मजल्यावरचा ओरडला, "अंधेरे वाला जीत गया भिया!" पट्टीने मोजलं, वहीत लिहिलं. मोठी बहीण गंभीरपणे म्हणाली, "काकू, मग सूर्याची गरजच काय?"

मला तो प्रश्न फार आवडला, कारण ती बरोबर वाचत होती, फक्त चुकीचा रकाना वाचत होती. उंची म्हणजे श्रीमंती नव्हे. जमिनीखालचं बी अंधारात असतं तेव्हा त्याला एकच घाई, वर पोचायची. पानं पसरण्यात, खोड जाड करण्यात काही खर्च करायचा नाही, सगळा पैसा लांब होण्यात घालायचा. ती वाकडी मानसुद्धा कामाची असते. कोवळा शेंडा खाली दडवून वाकलेल्या मानेने माती ढकलत वर यायचं. उजेड लागला की मान सरळ होते, पानं उघडतात. आमच्या कपाटात उजेड लागलाच नाही, म्हणून बिचारे ढकलतच राहिले, वर काही नसताना. अकराव्या-बाराव्या दिवशी आडवे पडायला लागले.

चौदाव्या दिवशी दोन्ही परातींतली चाळीस-चाळीस रोपं मुळासकट उपटली. वाळू धुण्यात अख्खी दुपार गेली. मुळाच्या केसांत अडकलेला एकेक कण निघेपर्यंत मी कोणाला उठू दिलं नाही, कारण एवढ्याशा वजनात वाळूचे चार कण म्हणजे अफरातफर. मग गच्चीवर कापडाखाली चार दिवस वाळवली, शेवटी ओटीजीत मंद आचेवर. आणि न पेरलेले चाळीस दाणेही तसेच वाळवले, नाहीतर सुरुवातीची शिल्लक कशी धरणार?

वजन कुठे करायचं हा प्रश्न होता. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली बोलत नाही. शेवटी तिघांना घेऊन सराफ्यात गेले. रात्री जिथे भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतात, तिथे दिवसा सोन्याची दुकानं असतात हे त्या मुलांना अर्धवटच माहीत होतं. ओळखीचे सराफ आहेत, आमची मंगळसूत्रं तिथलीच. मी पर्समधून कागदाच्या तीन पुड्या काढल्या तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, हे काय, गहाण टाकताय?"

कोरडे चाळीस दाणे, 1.5 ग्रॅम. उजेडातली चाळीस रोपं, 2.4. अंधारातली, त्या विजयी वीरांची, फक्त 1.0.

दुकानात शांतता. धाकटीने पुडी उलटी करून झटकली, काही सांडलं का बघायला. "अर्धा ग्राम किसने लिया?" वरच्या मजल्यावरच्याने सराफांकडेच संशयाने पाहिलं.

कोणी घेतलं नव्हतं. श्वासातून गेलं होतं. बी म्हणजे आईने बांधून दिलेला डबा. अंधारात रोप तोच डबा खातं, तोच जाळतं, आणि जळलेलं अन्न कार्बन डायऑक्साइड नि वाफ होऊन हवेत जातं. पगार बंद, नुसती बचत मोडून खाणं चालू. उजेडातल्या रोपाने मात्र पगार सुरू केला होता, आणि तो हवेतूनच येत होता. मुलांनी आधी पाणी म्हटलं. मी म्हटलं, पाणी तर आपण वाळवून उडवलं ना? अर्थात पाण्याचाही वाटा असतो, त्यातला हायड्रोजन रोपात जातो. पण मुख्य भांडवल हवेतल्या कार्बनचं. हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार, आणि तेवढ्यातून घराबाहेरचा तो आडदांड पिंपळ झाला!

परतताना रिक्षात त्यांना व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला हा माणूस माझ्याच जातीचा, हिशेबी. 200 पौंड वाळवलेली माती, तीत 5 पौंडांचं विलोचं रोपटं, आणि 5 वर्षं नुसतं पाणी. झाड झालं 169 पौंडांचं. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली सुमारे 2 औंस, मूठभरसुद्धा नाही. झाड माती खात नाही हे त्याने सिद्ध केलं आणि मग म्हणाला, सगळं पाण्यातूनच आलं. गंमत अशी की 'गॅस' हा शब्दही त्यानेच घडवलेला, लाकूड जाळल्यावर निघणारा वायू त्याला ठाऊक होता. उत्तर त्याच्या दुसऱ्या वहीत पडलेलं आणि दोन वह्या एकमेकींना भेटल्या नाहीत. बँकेत मी हे किती वेळा पाहिलंय!

मग माती नुसती उभं राहायला? मोठीने विचारलंच. तर नाही, त्या दोन औंसांतच सगळी मेख आहे. नत्र, स्फुरद, लोह, मीठमसाल्याएवढं लागतं, पण त्याशिवाय स्वयंपाक होत नाही. आमच्या याच गावात 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ काडीकचरा, शेण, राख यांचे थर लावून खत कुजवत बसला होता, त्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. ती जागा आज कृषी महाविद्यालयात आहे. पण रिक्षा घरी पोचली होती आणि हॉवर्डमध्ये कोणाला रस उरला नव्हता.

पुढच्या चाचणीत 'झाडे वाढीसाठी पदार्थ कोठून मिळवतात' या प्रश्नाला मोठीने लिहिलं, 'मुख्यतः हवेतून'. लाल फुली. वहीवर दुरुस्ती, 'मातीतून'. ती रडली नाही, सराफांची पावती दाखवू का विचारत होती. मी नको म्हटलं, आता वाटतं दाखवायला हवी होती.

सध्या टोपलीत एक बटाटा आहे, त्यावर स्केचपेनने तारीख आणि 112 ग्रॅम असं लिहिलंय. डोळे फुटायला लागलेत. अंधारात कोंब लांबतील तसं त्याचं वजन वाढेल की घटेल यावर तिघांची पैज लागली आहे. काल एकादशी होती, आणि तो किसणीवरून थोडक्यात वाचला.