पेंड नको म्हणणारी गाय

नुकतीच व्यायलेली गाय पेंड टाकते आणि वाळकं गवत मात्र चघळत बसते, हे दिसलं की आता माझ्या पोटात गोळाच येतो. आधी येत नव्हता. आमची तिसऱ्या वेताची गाय व्याल्यावर पंधरा-सोळा दिवसांनी पेंडीला नुसतं नाक लावून मागे सरायला लागली, ताप नाही, रवंथ थोडी कमी, शेण घट्ट आणि त्यावर चकाकी, मी म्हटलं अपचन असेल, पाचक पावडर चारली आणि तीन दिवस वाया घालवले. दूध रोज उतरत होतं पण फॅट चांगली लागत होती म्हणून मी उलट खूश! ती फॅट म्हणजे तिच्या अंगावरची चरबी दुधात चालली होती, हे डॉक्टर आल्यावर कळलं.

किटोसिस, काही जण कितनबाधा म्हणतात. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, भूक मागेच राहते, मग गाय स्वतःची चरबी मोडून दूध देत राहते, लिव्हरला ती सगळी झेपत नाही आणि रक्तात कीटोन (चरबी मोडताना तयार होणारी द्रव्यं) साठतात. पहिले सहा आठवडे धोक्याचे, त्यातही भाकड काळात लठ्ठ झालेली गाय आधी सापडते (आमची तशीच होती, खाऊ घालण्याची हौस माझी).

डॉक्टरांनी योनीच्या खाली हलक्या हाताने चोळलं, गाय मुतली, त्यात कीटोन तपासायची पट्टी बुडवली आणि ती बघता बघता जांभळी झाली. रक्तात बीएचबी (मुख्य कीटोन) लिटरमागे १.२ मिलीमोलच्या वर गेलं की छुपा किटोसिस धरतात, म्हणजे गाय वरून ठीक दिसते पण दूध मार खातं. काही गाया मात्र वेड्यासारखं करतात, गव्हाण चाटत सुटतात, भेलकांडतात, तेव्हा वाट बघत बसू नका.

शिरेतून डेक्सट्रोज दिलं की गाय लगेच तरतरीत होते, पण ती साखर काही तासांतच उतरते, म्हणून खरं काम प्रोपिलीन ग्लायकॉलचं, या पातळ औषधातून लिव्हर साखर बनवत राहतं. रोज ३०० मिली, ५ दिवस. पाजताना मान फार वर ओढायची नाही, हळूहळू पाजायचं, नाहीतर फुफ्फुसात जातं. साखरेचं पाणी पाजून फार काही होत नाही, कोठीपोटातले जंतूच ती आधी खाऊन टाकतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन स्वतः देऊ नका. आणि पोट सरकलंय का, गर्भाशयात घाण आहे का, तेही बघून घ्या, कारण भूक मुळात त्यानेच गेलेली असू शकते.

चौथ्या दिवशी तिने पेंडीत तोंड घातलं. श्वासाला म्हणे नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो, बायकोला गोठ्यात शिरल्या शिरल्या आला होता, मला अजूनही येत नाही, म्हणून मी व्यायलेल्या प्रत्येक गायीला पहिले तीन आठवडे दर चार दिवसांनी पट्टी लावतो.