आमची वाटचाल : रंगाच्या बाटलीकडून कागदाकडे

बालवाड्यांना आम्ही आधी बोटरंगांच्या बाटल्या पुरवत होतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. बोटरंगांना आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकाचा भाग ७ लागू होतो. चाचण्या आणि परवान्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून बाटल्या बंद केल्या. आता आम्ही देतो त्या खोक्यात कागद, स्पंज, कपड्यांचे चिमटे आणि एक कृतीपत्रिका असते. रंग ताईंनी वर्गातच करायचा.

तो रंग म्हणजे खळच. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं, दीड वाटी उकळत्या पाण्यात धार सोडत ढवळायचं आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं शिजवायचं. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चमचाभर मीठ घातलं तर खळ थोडी जास्त टिकते, पण खरचटलेल्या बोटांना चुरचुरते. अशा मुलांना ब्रश द्यावा. पूर्ण गार झाल्यावरच खायचा रंग मिसळून झाकण लावायचं, नाहीतर वाफेचं पाणी सुटून खळ पातळ होते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, आंबूस वास आला की टाकून द्यायची. एका वेळी दोनच रंग काढावेत. लाल, पिवळा, निळा एकदम समोर आले की पाच मिनिटांत सगळ्या कागदांवर शेणकट तपकिरी!

भेंडीचे ठसे सगळ्यांना सोपे वाटतात आणि बिघडतातही तेच. देठाकडचा दीड इंचाचा तुकडा घ्यायचा, देठ मुठीला राहू द्यायचा. कापलेली बाजू पुसून दहा मिनिटं तशीच ठेवली की चिकटपणा कमी होतो. रंग वाटीत देऊ नये. भेंडी त्यात बुडाली की पोकळ कप्पे भरतात आणि फुलाऐवजी गोळा उमटतो. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग पसरायचा. बटाट्याचे ठसे करताना त्याचंही पाणी टिपून घ्यावं.

मेणखडूवर रंग फिरवायचा असेल तर मात्र खळ चालत नाही, ती मेणही झाकून टाकते. तिथे एक चमचा पोस्टर कलर, पाच चमचे पाणी. स्ट्रॉने फुंकायचं असेल तर स्ट्रॉच्या वरच्या भागात सुईने भोक पाडायचं, कारण लहान मुलं फुंकायच्या ऐवजी ओढतात.

कागदाचं म्हणाल तर ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) झेरॉक्स कागद खळीने फुगतो आणि बोट फिरवताच फाटतो. आम्ही २०० जीएसएमचा देतो, तोही ए-३. तीन वर्षांचं मूल चित्र मनगटाने नाही, खांद्यापासून हात फिरवून काढतं. चित्र दोरीवर टांगू नये, ओघळ येतात, आडवंच वाळवावं. पावसाळ्यात कागद पिशवीतून आयत्या वेळी काढावा. दमट कागदावरची खळ दुसऱ्या दिवशीही ओली राहते, आणि गठ्ठा केला की चित्रं एकमेकांना चिकटतात.