तुम्ही विचारलंत म्हणून: गेमर नसूनही मी हे खेळ का खेळते?

“तुम्हाला कधी गेमचा नाद नव्हता, मग आता रोज मोबाइलवर हे फुकटचे खेळ काय खेळत बसता?” असे नातेवाईक आणि शेजारी मला वारंवार विचारतात. प्रश्नामागे थोडी काळजी असते, हे मला कळते. म्हणून सविस्तर उत्तर देते.

ज्याला व्हिडिओ गेमचा खरा शौक असतो, तो महागडे यंत्र घेतो, तासन्‌तास सराव करतो आणि त्यातले बारकावे आत्मसात करतो. माझ्यासारख्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो आणि तशी इच्छाही नसते. पण कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधली पाच मिनिटे असतात, आणि तेवढ्यात सुरू होऊन संपणारा खेळ कोणी विनामूल्य दिला, तर तो आवडतो.

वर्डल या इंग्रजी शब्दकोड्याचेच पाहा. जॉश वॉर्डल यांनी हा खेळ शब्दखेळांची आवड असलेल्या आपल्या जोडीदारासाठी, पलक शहा यांच्यासाठी, तयार केला आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांना खुला केला. त्या १ नोव्हेंबरला तो खेळणारे केवळ ९० जण होते. जानेवारी उजाडेपर्यंत ती संख्या तीन लाखांवर गेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. ही सगळी माणसे गेमर नव्हती. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, तो ओळखण्यासाठी सहा संधी, आणि दिवसाला एकच कोडे, एवढाच तो मामला आहे. समजा, मी पहिला शब्द ‘क्रेन’ (CRANE) दिला आणि त्यातले शेवटचे ‘ई’ हिरवे, ‘आर’ पिवळे झाले, तर ‘ई’ योग्य जागी आहे आणि ‘आर’ शब्दात आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर नाही, हे समजते. सी, ए आणि एन बाद होतात. मग ‘हॉर्स’ (HORSE) देऊन पाहावे की आणखी काही, या विचारात जी बुद्धी कामाला लागते, तिच्यातच खरे सुख आहे. शिवाय सर्वांना त्या दिवशी तोच शब्द असल्यामुळे, उत्तर न फोडता रंगीत चौकोनांची जाळी बहिणीला पाठवता येते आणि तिला तो किती जड गेला, हे तिच्या जाळीवरून मला कळते.

लुडो किंगची, म्हणजे मोबाइलवरच्या लुडोची, ओढ वेगळी आहे. विकाश जयस्वाल यांच्या नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये आणलेला हा खेळ २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला, कारण त्याचे नियम कोणाला शिकवावे लागले नाहीत. एकाने खोली उघडून तिचा कोड कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा, की पुण्यातली आत्या आणि परदेशातला भाचा एकाच पटावर येतात. आत्याला सहा पडत नाहीत, तिच्या चारही सोंगट्या घरातच बसलेल्या असतात, आणि भाच्याची सोंगटी आपल्या रंगाच्या पट्टीत शिरायला दोन घरे उरलेली असताना मारली जाते. मग त्यावरून जी भांडणे होतात, तेवढे बोलणे एरवी खुशाली विचारण्याच्या फोनवर होत नाही. मला या खेळांचे सर्वांत मोठे मोल इथे वाटते.

फुकट म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. रंगीत गोळ्या जुळवण्याच्या कँडी क्रश या खेळात पाच जीव असतात. ते संपले की एक जीव परत मिळायला अर्धा तास थांबावे लागते, मित्रांकडे जीव मागावा लागतो किंवा पैसे मोजावे लागतात. माणसाची अधीरता विकत घेण्याची ही रचना मला पटत नाही, आणि लहान मुलांच्या हाती तर असा खेळ मी देणार नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही आणखी निराळी गोष्ट आहे. त्यांनी घरे उद्ध्वस्त होतात आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्यच झाले.

म्हणून कोणी विचारले की सुरुवात कशाने करावी, तर बुद्धिबळाची थोडी जरी आवड असेल त्याला मी लीचेसचे नाव सांगते. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते, तिथे एकही जाहिरात नाही, आणि खाते न उघडताही संगणकाशी किंवा जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी माणसाशी डाव मांडता येतो.