पट्टेवाली, चपला आणि कडाडी : आमची वाटचाल

नायिकांची चित्रं आणि कॉमिक्स काढायचा आमचा धंदा कसा सुरू झाला असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगते: वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात मी चार वर्षं डिझायनर होते. ‘भावी नगरसेवक’ लिहायचं, मागं वाघ उभा करायचा, भाऊंच्या गॉगलला चमक द्यायची आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो ओळीनं बसवायचे. शुभेच्छुक नेहमी तिसाच्या वर. दहा बाय वीसच्या त्या फ्लेक्सवर एवढे पुरुष आणि बाई एकही नाही. असलीच तर वरच्या कोपऱ्यात अंबाबाई.

रात्री घरी येऊन मी वहीत मुली काढायचे. उडणाऱ्या, भिंत फोडणाऱ्या, बुरखाधारी. मामाच्या माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. ते १९९० सालीच बंद पडलेले, म्हणजे आमच्या वाट्याला त्यांतला नायक वेताळ आला तो वाळवी लागलेला. पुढं मामेबहिणीनं मँगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आणली आणि आम्ही दोघी बिघडलो. आज स्टुडिओचा हिशेब, अक्षरलेखन आणि भांडणं हे तीन विभाग तिच्याकडं आहेत. चित्रं माझ्याकडं.

घरच्यांच्या मते हे बाहेरचं खूळ होतं. त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर आहे. वंडर वुमन अमेरिकेत १९४१ साली छापून आली. त्याच्या सहा वर्षं आधी, १९३५ साली, मुंबईत वाडियांच्या ‘हंटरवाली’ सिनेमात नटी नाडिया बुरखा चढवून, हातात चाबूक घेऊन गुंडांना बडवत होती. जपानात मँगाकार ओसामु तेझुका यांनी तलवार घेणारी राजकन्या १९५३ साली मासिकातून आणली. ते ज्या ताकाराझुका गावात वाढले, तिथल्या नाटक मंडळीत सगळी पुरुषपात्रं बायकाच करत. आपल्याकडं बरोबर उलटं, बालगंधर्व. म्हणजे कुणाचं खूळ कुठून कुठं गेलं हे मोजत बसण्यात अर्थ नाही. मामा हे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘ते असू दे, पगार किती मिळणार?’

२०१६ साली नोकरी सोडली आणि मुंबईतल्या एका कॉमिक मेळाव्यात अर्ध्या टेबलाचा स्टॉल घेतला. चाळीस प्रिंट नेले होते. गाजलेल्या परदेशी नायिकांचे एकतीस खपले, आमच्या स्वतःच्या पात्राचे तीन. त्यातला एक बहिणीच्या मैत्रिणीनं घेतला, म्हणजे दोनच म्हणा. एक कॉलेजातली मुलगी आमचं चित्र बराच वेळ बघत होती. ‘ही कुठल्या कॉमिकमधली?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘आमचीच आहे.’ ‘हो, पण मूळ कुठली?’

परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलीचं काही चुकलं नव्हतं. आमच्या नायिकेचे खांदे अमेरिकी होते, डोळे जपानी, पाठीवरची केप कुणाची तरी उसनी, आणि ‘आपलेपणा’ म्हणून कपाळावर चंद्रकोर चिकटवलेली. दुसऱ्यांच्या पात्रांवर पोट भरायचं नाही हे त्या रात्री ठरलं. ती पात्रं कायद्यानंही आपली नव्हेतच.

नव्या नायिकेच्या हातात दांडपट्टा द्यायचा होता. मी तो सामुराईच्या तलवारीसारखा दोन बोटांवर तोलून, मनगटाला झोकदार वळण देऊन काढला. चित्र घेऊन एका तालमीत मर्दानी खेळाच्या वस्तादांकडं गेलो. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, ‘पोरी, हिचं मनगट मोडंल की.’ मग पट्टा माझ्याच हातात चढवला. कोपराजवळपर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच असतो तो; आत आडवी मूठ धरायची, पुढं लवलवतं लांब पातं. मनगट वळूच शकत नाही. वार निघतो खांद्यातून, त्याला जोर मिळतो कमरेचा आणि कमरेला वळवतात पाय. पाय फिरला नाही तर पातं आपल्याच नडगीवर येतं. (याच पट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळाला. वस्ताद म्हणाले, ‘आता तरी नीट काढा.’)

सलग तीन रविवार आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसून नुसते पाय काढले. हाताकडं बघायचंच नाही, वजन कुठल्या टाचेवर आहे तेवढंच टिपायचं. काही मुली नऊवारी नेसून खेळत होत्या. काष्ट्यातल्या बाईची नुसती काळी आकृती काढली तरी ओळखू येते: दोन्ही पाय सुटे, पुढं ओचा, मागं घट्ट खोचलेला काष्टा. चुण्या मागच्या खोचीतून निघतात आणि पुढच्या गुडघ्यावर ताणल्या जातात. तो ताण दिसला की बाई झेप घेणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. केप मी त्याच आठवड्यात उतरवली. मँगातल्या वेगरेषाही पूर्वी पात्याच्या टोकापासून ओढत होते, त्या खांद्यापासून सुरू केल्या. चेहरा तोच ठेवला, चंद्रकोर पुसली. पुढच्या मेळाव्यात कुणीही ‘मूळ कुठली’ विचारलं नाही. एका शाळकरी पोरानं विचारलं, ‘वार चुकला तर ही काय करणार?’ त्या प्रश्नावर आमची पहिली गोष्ट उभी राहिली.

नावाचा घोळ वेगळाच. पट्टा चालवते म्हणून मी ‘पट्टेवाली’ ठेवलं. मामा म्हणाला, ‘कुठल्या हापिसात?’ मग शब्दकोश उघडून ‘चपला’ काढलं. चपला म्हणजे वीज. विजेचं नाव कोल्हापुरात असलं ठेवल्यावर पहिलं गिऱ्हाईक सात नंबरचा जोड मागायला आलं नाही एवढंच. शेवटी नाव सापडलं ते बहिणीच्या कच्च्या पानांत. पट्टा हवेतून फिरतो तिथं तिनं ‘कड्ड्डाड्’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि आपसात आम्ही त्याला ‘कडाडीचं पान’ म्हणत होतो. झालं, कडाडी.

त्या आवाजांचंही सांगायला हवं. जपानी चित्रकार पानभर आवाज काढतात. अगदी शांततेलासुद्धा त्यांच्याकडं ‘शीन’ असा शब्द आहे. बाकीचे त्यांची इंग्रजी नक्कल करतात. आम्हाला ती गरजच नव्हती. सपकन, खाडकन, फाडदिशी, सळसळ, चर्र, धप्प. आजीच्या बोलण्यात निम्मे शब्द आवाजांचेच होते. अडचण आली ती फुग्यांची. जपानी मजकूर उभा लिहितात, त्यामुळं मँगातले संवादाचे फुगे उभट. त्यात मराठी घातली की ‘विश्वासघातकी’ची तीन शकलं होतात. वर रफार, खाली उकार, म्हणजे दोन ओळींत जागाही जास्त लागते. बहिणीनं सगळे फुगे आडवे केले, आणि फुगे आडवे झाल्यावर मला चौकटी बदलाव्या लागल्या. मँगा उजवीकडून डावीकडं वाचतात; आपली पानं डावीकडून उजवीकडं ठेवायची हे मात्र वाद न होता ठरलं.

पहिला अंक २०१९ साली काढला. चोवीस पानं, काळापांढरा, पाचशे प्रती. काळापांढरा एवढ्यासाठी की चार रंगांचा खर्च झेपत नव्हता. ‘मँगाची शैली’ हे लोकांना सांगायला. राखाडी छटा ठिपक्यांच्या जाळीनं भरतात. ती फाइल शुद्ध काळ्यापांढऱ्यात, छापायच्या मापातच द्यावी लागते. आम्ही ती राखाडीत दिली, प्रेसमध्ये कुणी तरी ती सत्तर टक्क्यांवर आणली, आणि आमच्या जाळीवर छपाईची दुसरी जाळी चढली. कडाडीच्या दोन्ही गालांवर चटईचं विणकाम. चूक निम्मी आमची होती, त्यामुळं बहिणीला नीट भांडताही आलं नाही. ते गठ्ठे टाकवले नाहीत. हल्ली त्यांच्यावर आमचा प्रिंटर ठेवलेला आहे, उंची बरोबर जमली.

पोट अंकावर चालत नाही, चालतं ते मागणीच्या कामावर. कुणी खेळासाठी, कुणी स्वतःच्या कथेसाठी, कुणी लेकीच्या वाढदिवसाला नायिका काढून घेतं. निम्मी गिऱ्हाइकं परदेशातली. पहिल्या फोनवर आम्ही पोशाख आणि शक्ती विचारत नाही. ती दमल्यावर कशी बसते, एवढं विचारतो. ते सांगता आलं की पुढचं सोपं जातं. मग समोरून, बाजूनं, पाठीमागून असा आराखडा, निम्मे पैसे आधी, दोन दुरुस्त्या फुकट. तिसऱ्या दुरुस्तीला बहीण फोन घेते.

ही शिस्त ठेच लागून आली. २०२० साली एका परदेशी गिऱ्हाइकानं साठ डॉलरला एक नायिका काढून घेतली आणि वर्षभरात ती टी-शर्टांवर विकायला आली. लेखी काहीच नव्हतं. मग आम्ही १९५७चा कॉपीराइट कायदा वाचायला बसलो. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ आणखी मजेचं: हक्क विकले तरी चित्र आपलं म्हणवण्याचा आणि नाव खराब होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडंच राहतो. नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो, त्यासाठी ट्रेडमार्क लागतो. (दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी तर ‘सुपर हीरो’ या शब्दावरच तो अनेक दशकं धरून ठेवला होता, २०२४ साली रद्द झाला.) आता एका पानाचा करार सही झाल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

सध्या आम्ही तिघी आहोत. रंगकामाला एक मुलगी आली आहे, तीही आधी फ्लेक्सच्याच दुकानात होती.

गेल्या नवरात्रात तिनंच फोटो पाठवला. उपनगरातल्या एका मंडळाच्या फ्लेक्सवर आमची कडाडी. ना विचारणं, ना सांगणं, वर जागा भरायला आडवी ताणलेली, त्यामुळं पोटऱ्या पहिलवानासारख्या. बहिणीनं लगेच कलम ५७ काढलं. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते गडबडले, ‘ताई, पोरांनी गुगलवरनं घेतली, उतरवू का?’ मी म्हटलं, उतरवा, मी योग्य मापाची फाइल देते, पैसे नकोत, खाली आमचं नाव घाला आणि शुभेच्छुकांचे फोटो तेवढे काढा. पलीकडं बराच वेळ शांतता. ‘सगळे?’

सदतीस होते. दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला. त्यावर कडाडी होती, आणि कोपऱ्यात, अगदी लहान, एकट्या अध्यक्षांचा फोटो.